लाल बादल्यांना लावलेलं कुंकू

भाऊ,

तू गेल्याला आज सव्वीस दिवस झाले आणि या सव्वीस दिवसांत माझ्याशी कोणी भांडलेलं नाही. येणारे सगळे गोड बोलतात. "मंदाताई, सावरा," म्हणतात, चहा घेतात आणि जातात. परवा एकानं तर सांगितलं, देवाच्या मनात असतं तेच होतं. तू असतास तर त्याला तिथल्या तिथे विचारलं असतंस, "मंग डॉक्टरकडे कायले नेलं होतं?" आणि वर आग्रहानं दुसरा कप पाजला असतास. मी नुसती मान डोलावली. आयुष्यभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, पोरापोरींना सांगितलं की समोरच्याचं म्हणणं खोडून काढायला शिका. आता माझंच म्हणणं खोडायला घरात कोणी उरलेलं नाही.

खरं सांगायचं तर भांडण तू आधीच बंद केलं होतंस. दीड वर्षापूर्वी दिवाळी अंकात माझा लेख आला, तो तू वाचलास, आणि तेव्हापासून. तू अबोला धरला नाहीस, ते तुझ्या स्वभावातच नव्हतं. दर रविवारी सकाळी दोन गल्ल्या ओलांडून, तर्री-पोह्यांचा डबा घेऊन येत राहिलास. सक्करदऱ्याच्या तलावात पाणी किती उरलं, कूलरची खस बदलली की नाही, संत्री यंदा आंबट का, सगळं बोललास. पण वाद म्हणून घातला नाहीस. मी मुद्दाम खोडी काढली तरी तुझं एकच उत्तर, "असंल बाप्पा. तुह्यंच खरं."

तुह्यंच खरं! पन्नास वर्षं ज्यानं माझं एक वाक्य सुखासुखी खरं मानलं नाही, त्यानं असं म्हणावं? चारचौघांत थोबाडीत दिली असतीस तरी इतकं लागलं नसतं. म्हणून आज हे लिहिते आहे. बाकी काही नाही भाऊ, एवढंच विचारायचं आहे की तू माझ्यावर रागावूनच गेलास का?

भांडायला मला तूच शिकवलंस, हे लोकांना माहीत नाही. कळमेश्वरजवळच्या आपल्या गावात मी मॅट्रिक झाले आणि बाबांनी स्थळं बघायला सुरुवात केली, तेव्हा तू नागपूरला दारूगोळ्याच्या कारखान्यात नुकता लागला होतास. खबर कळल्यावर सायकल मारत गावी आलास. ओसरीवर बाबांच्या समोर उभा राहून म्हणालास, "मंदी कालेजात जाईल." बाबांनी विचारलं, "शिकून काय करंल?" तू म्हणालास, "भांडंल. आताही भांडतेच, शिकली तर मुद्देसूद भांडंल." बाबांना हसू आलं आणि तिथेच काम झालं. मी तुझ्या एका खोलीत राहायला आले.

त्या खोलीत मी तुझे हात पहिल्यांदा नीट पाहिले. बोटांची टोकं पिवळी, नखांच्या कडा पिवळ्या. मला वाटलं, हा भाजीत हळद फार घालतो. पुढे कितीतरी दिवसांनी कळलं की तो बॉम्बमध्ये भरायच्या दारूचा रंग आहे, साबणानं जात नाही. कारखान्यात काय करतोस असं विचारलं की तू म्हणायचास, "लोखंडाचं काम." फाटकावर काडेपेटी काढून घेतात, बुटाला खिळा चालत नाही, एवढं दोन-तीनदा तुझ्या तोंडून निसटलं असेल. बाकी आत काय आहे, कोण काय भरतं, हे तू आईला सांगितलं नाहीस, वहिनीला सांगितलं नाहीस आणि मला तर नाहीच नाही. बाहेर बोलायचं नाही असा नियम होता, आणि तू नियमाचा माणूस. मी मात्र ठरवून टाकलं की ज्या अर्थी हा सांगत नाही, त्या अर्थी मला सगळं कळलेलं आहे. शिकलेल्या माणसांना हा रोग फार लवकर लागतो.

आपल्या मोठ्या वादाची सुरुवात कुठे झाली ते आठवतं? अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात वाळवंटात अणुचाचणी झाली आणि त्या दिवशी नेमकी बुद्धपौर्णिमा होती. तुझ्याच पाळीवर काम करणारे मेश्रामभाऊ दरवर्षीप्रमाणे कन्हानहून खिरीचा डबा घेऊन आले होते. कूलर घरघरत होता, टीव्हीवर बातमी लागली, गल्लीत कोणीतरी फटाके लावले. मी तर पेटूनच उठले. ज्यानं शस्त्र खाली ठेवायला सांगितलं त्याच्याच दिवशी? मी म्हटलं, हे योगायोगानं होत नाही. ज्या देशात बहुतेकांच्या देवांच्या हातात त्रिशूळ, चक्र, गदा असते, त्या देशाला बॉम्ब परका वाटतच नाही. त्याच्या मनात जागा आधीच करून ठेवलेली असते. देशाचा धर्म पाहा आणि त्याची शस्त्रं पाहा, मला दोन्हींत एकच हात दिसतो.

तू खिरीची वाटी खाली ठेवलीस. "काहून वं, एवढं शिकून तुले हेच कळलं? ज्यायच्या देवानं दुसरा गाल पुढं कराले सांगितला, त्यायनंच पयला बॉम्ब टाकला ना? तिथं कोणत्या देवीच्या हातात त्रिशूळ होता?"

"मग आपण क्षेपणास्त्रांना देवांची नावं का देतो?"

"नाव ठेवाले धर्म लागते. बनवाले नाही लागत. बनवाले भीती लागते, अन् ती साऱ्या धर्मात सारखीच असते."

मी मेश्रामभाऊंकडे वळले. मला वाटलं, निदान आज तरी हे माझ्या बाजूनं बोलतील. ते शांतपणे म्हणाले, "बाई, मी सकाळी विहारात जाऊन पंचशील घेतलं. प्राण्याची हिंसा करणार नाही म्हणून. उद्या सकाळी पाळीवर जाऊन दारू भरीन. मले नका विचारू. खीर खा." वहिनी आतून म्हणाली, "खा वं, गरम होऊन राहिली." मी खाल्ली. खीर फार चांगली झाली होती, हे मला अजून आठवतं आणि त्याची थोडी लाजही वाटते.

त्यानंतर कितीतरी वर्षं आपले रविवार याच एका गोष्टीनं भरून गेले. नद्यांना आई म्हणणारा देश त्यांच्यात गटारं सोडतो, तर मग धर्म पर्यावरणाच्या बाजूचा की विरुद्धचा? देवराया वाचल्या त्या धर्मानं वाचल्या की कुऱ्हाड तिथवर पोचली नव्हती म्हणून? तू पहिल्यापासून मातीचा गणपती बसवायचास, आणि तलावाकाठी विसर्जनाचं टाकं आलं तेव्हा पहिल्या रांगेत तू होतास. मी म्हटलं, बघ, धर्म बदलतोय. तू म्हणालास, "धर्म नाही बदलला, टाकं बांधलं. टाकं नसतं बांधलं तर मीच तलावात सोडला असता." माझ्या लांबलचक सिद्धांतांना तू असं दोन वाक्यांत गार करायचास आणि पोह्यांवर तर्री ओतायचास. मला राग यायचा. पुढचा आठवडाभर मी उत्तर शोधत बसायचे. भाऊ, ती उत्तरं शोधण्यातच मी शिकवायला शिकले, हे तुला कधी सांगितलं नाही.

आणि तो करंज! तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा. रस्ता रुंद करायचं ठरलं, खोडावर नंबर पडला, आणि मी चार पानी अर्ज लिहिला. त्यात कायद्याची कलमं होती, सावलीचं महत्त्व होतं, भर उन्हाळ्यातल्या नागपूरचं वर्णन होतं. उत्तर आलं नाही. तू अर्ज वाचलास, "झकास लिहिला" म्हणालास आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फिरायला जाताना पिशवीतून एक गोटा घेऊन गेलास. मेश्रामभाऊंनी नदीतून आणून दिलेला, चांगला गोल. त्याला तेल-शेंदूर लावलास, करंजाच्या बुडाशी ठेवलास आणि घरी येऊन अंघोळ केलीस. चौथ्या दिवशी तिथे नारळ आला. आठवड्यानं अगरबत्ती. पुढच्या महिन्यात रस्ता आला तो करंजाला वळसा घालून गेला.

मी किती नाचले होते! म्हटलं, आता बोल. सरकारचं धोरण धर्मापुढे वाकलं की नाही? माझा सिद्धांत तूच सिद्ध करून दाखवलास. तू म्हणालास, "धोरण नाही वाकलं वं, रस्ता वाकला. अन् तोही धर्मापुढं नाही, लफडं नको म्हणून."

पण पुढचं आपल्या दोघांनाही सुचलं नव्हतं. गोट्याला पार आला, पाराला फरशी आली, फरशीला कठडा आला. सिमेंट थेट खोडाला जाऊन भिडलं. मुळांना पाणी मिळेना. तू पाराच्या मंडळाकडे जाऊन विनवलंस की बुडाशी हातभर माती मोकळी ठेवा. ते म्हणाले, "देवाच्या पारावर खड्डा कराचा? काकाजी, पाप लागंल." आणि तुला सांगता येईना की हा देव मीच पिशवीतून आणला आहे. सांगितलं असतंस तर त्यांनी तुला झोडपलं तरी असतं किंवा तुझ्याच पाया तरी पडले असते. तू वर्षभर पहाटे बादलीनं पाणी नेऊन फरशीच्या फटींत ओतलंस. तिसऱ्या वर्षी करंजाला पालवी आली नाही. तोडला त्या दिवशी तू जेवला नाहीस. संध्याकाळी मला म्हणालास, "आपण दोघायनं मिळून मारला त्याले. रस्त्यासाठी तोडला असता तर एवढं वाईट नसतं वाटलं." त्या दिवशी आपण भांडलो नाही.

आता त्या लेखाकडे येते. टाळून टाळून किती टाळणार?

विषय तोच, आपला रविवारचा. बहुसंख्यांचा धर्म देशाची शस्त्रं आणि झाडं ठरवतो का? संपादकांनी मागितला, मी उत्साहानं लिहिला. करंजाची गोष्ट त्यात होती, तुझं नाव न घेता. पण लेखाला एक धारदार परिच्छेद हवा होता. मला खंडेनवमी आठवली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे घरोघर हत्यारांची, अवजारांची पूजा होते. तू दरवर्षी त्या दिवशी कपाळाला कुंकू लावून कारखान्यातून यायचास, हातात प्रसादाची पुडी. पेपरात कुठल्या ना कुठल्या तोफेला हळदकुंकू वाहिल्याचा फोटो यायचा. मी दोन्ही जोडलं आणि लिहिलं, "माझ्या ओळखीच्या एका कामगाराच्या कपाळावर आणि त्यानं भरलेल्या बॉम्बवर एकाच कुंकवाचं बोट असतं. म्हणूनच त्याला शांत झोप लागते." वाक्य जमलं म्हणून मी स्वतःवर खूश झाले. तीन जणांनी फोन करून ते वाक्य मला वाचूनही दाखवलं.

त्या रविवारी तू अंक घेऊन आलास. बसला नाहीस. डबा ओट्यावर ठेवलास आणि विचारलंस, "हे बॉम्बले कुंकू लावतानी तू पाहून आली होती का वं?"

तुझा आवाज चढलेला नव्हता. खरोखर माहिती हवी असल्यासारखं विचारलंस. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण माझ्यातली प्राध्यापकीण जागी झाली. मी म्हटलं, "भाऊ, ते प्रतीक म्हणून लिहिलंय. आणि फोटो येतोच की दरवर्षी."

"हाव," तू म्हणालास. "प्रतीक." मग बसलास आणि पोहे खाल्लेस. तो आपल्या वादाचा शेवट होता, आणि मला तेव्हा वाटलं की मी जिंकले.

दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी लक्षात आलं की काहीतरी बिनसलं आहे. वहिनीकडून कळलं की तुला शांत झोप कधीच लागत नव्हती. नोकरीत असतानाही नाही आणि निवृत्तीनंतरही नाही. कुठे कुकर फुटल्याची किंवा टायर फुटल्याची बातमी आली तरी तू अस्वस्थ व्हायचास. पन्नास वर्षं तुझ्या इतक्या जवळ राहून हे मला माहीत नव्हतं, आणि मी ते छापून मोकळी झाले होते. चुकलं, असं म्हणायचं मी अनेकदा ठरवलं. पण मी तू दारात यायची वाट बघत बसायचे की आधी तू एकदा भांड, मग मी माघार घेईन. नुसती माघार घ्यायची कशी, ते मला येत नव्हतं. तू कधी शिकवलंच नाहीस.

तुझ्या शेवटच्या रविवारी तू माझ्या स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी बदललीस. दार आत उघडायचं, ते बाहेर उघडेल असं करून दिलंस. मी म्हटलं, "चांगलं तर होतं." तू म्हणालास, "गॅस असते तिथलं दार बाहेर उघडाव." पकड पुसून पिशवीत ठेवलीस. मी म्हणणार होते, भाऊ, तो लेख... तेवढ्यात भाजीवाला आला, तू त्याच्याकडून सांबार घेतलास, म्हणजे कोथिंबीर, वहिनीनं वड्यांसाठी सांगितला होता म्हणून, आणि सांबाराची जुडी हलवत निघून गेलास. गुरुवारी तू नव्हतास.

तेरवीला मेश्रामभाऊ आले. खूप थकलेत आता, कन्हानहून नातवाच्या गाडीवर आले. सगळे जेवून गेले तरी बसून राहिले. मला वाटलं, त्यांनाही बोलायला कोणीतरी हवं असेल. मीच विषय काढला, कारण ज्याच्याकडे काढायचा तो उरला नव्हता. विचारलं, "मेश्रामभाऊ, खंडेनवमीला तुम्ही बॉम्बला कुंकू लावायचे का हो?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "बॉम्बले? त्याले काहून लावाचं, बाई? तो तर जाणार आहे. साहेब लोकायची पूजा तिकडे मोठ्या शेडमधी होत होती, फोटोवाला तिथंच येत होता. आम्ही आमच्या खोलीत करत होतो."

"मग कशाला लावायचे?"

"बादल्यांले. दारापाशी लाल बादल्या राहत होत्या, पाण्याच्या अन् रेतीच्या. आग लागली तर. तुमचा भाऊ एकेका बादलीले कुंकू लावे. मंग आमच्या पितळी हातोड्या, ठिणगी पडू नये म्हणून पितळेच्या राहत. मंग दाराची कडी. आमच्या खोलीचं दार बाहेर उघडे, पळाले सोपं पडाव म्हणून, त्या कडीले तो हळदीकुंकू लावून नमस्कार करे. बादलीपुढं हात जोडून काय म्हणे, माहीत आहे? माय, तुले हात लावाची पाळी येऊ देऊ नको."

मेश्रामभाऊ पुढे म्हणाले, "मी पूजा करत नाही, तुमाले माहीत आहे. मी कडेले उभा राहो. पण आदल्या दिवशी साऱ्या बादल्यांतलं पाणी मीच बदलो. शिळ्या पाण्याची पूजा काहून कराची?"

भाऊ, मला सांग, हे तू मला का नाही सांगितलंस? त्या रविवारी ओट्याशी उभा राहून एवढंच म्हणायचं होतं, "मंदी, बॉम्ब नाही, बादल्या." निवृत्तीला इतकी वर्षं झाली होती, बादलीत कसलं आलंय गुपित? पण मी "प्रतीक" म्हटलं आणि तू गप्प झालास. ज्या माणसाला खरी बादली माहीत आहे, त्यानं माझ्या प्रतीकाशी कशाला डोकं लावावं!

मी तेव्हापासून विचार करते आहे. देश म्हणून आपण तोफेला हार घालतो, हे मी लिहिलं ते काही खोटं नाही. अजूनही मला वाटतं की बहुसंख्यांचे देव त्या देशाच्या शस्त्रांना आपली नावं आणि आपला आशीर्वाद देतात, आणि त्यानं फरक पडतो. यावर मी तुझं ऐकणार नाही. पण त्याच धर्माचं, त्याच दिवसाचं, त्याच डबीतलं कुंकू घेऊन एक माणूस आतल्या खोलीत पाण्याच्या बादलीपुढे उभा राहतो, आणि बुद्धाला मानणारा दुसरा माणूस ते पाणी ताजं ठेवतो, हे माझ्या लेखात कुठेच नव्हतं. कारण मी धर्म पाहिला तो फोटोत. विद्यार्थ्यांना संदर्भ द्या, संदर्भ द्या म्हणून मी तीस वर्षं छळलं, आणि माझ्या सगळ्यांत धारदार वाक्याला पेपरातल्या एका फोटोपलीकडे आधार नव्हता.

हे एवढं लिहून ठेवलं होतं आणि वाटलं होतं इथेच थांबावं. पण काल दुपारी वहिनीनं बोलावून घेतलं. तुझे कपडे द्यायचे म्हणून तिनं पेटी उघडली होती. तळाशी लाल फडक्यात बांधलेलं एक गाठोडं निघालं. ती म्हणाली, "हे देवाचं नाही, हत्याराचं आहे. दसऱ्याले काढत होते ते." निवृत्तीनंतर तू घरी खंडेनवमी करायचास हे मला माहीत होतं. मी त्या दिवशी कधी आले नाही, तुझ्या पूजेत मला रस नव्हता. वहिनीनं गाठ सोडली. तुझी पकड, सायकलचा पाना, बाबांचा शेतातला विळा. सगळ्यांवर सुकलेलं कुंकू. आणि त्यांच्याखाली, नीट दुमडलेला, तो दिवाळी अंक.

मुखपृष्ठावर हळदीकुंकवाची दोन बोटं. गेल्या दसऱ्याची.

मी वहिनीकडे पाहिलं. ती विळ्यावरची धूळ पदरानं पुसत होती. म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यायले, पुस्तक आहे ते, पाटीवर सरस्वतीपाशी ठेवा. तर म्हणे, नाही. तिथं पोरायच्या वह्या ठेव. हे आयुधात ठेवाचं. हे मंदीचं हत्यार आहे. मी म्हटलं, त्या लेखानं तर तुमाले एवढं लागलं, अन् तुम्ही त्याचीच पूजा करून राहिले? तर म्हणे, लागलं म्हणूनच. धार नसती तर लागलं असतं का? तिले शिकवलं ते कायले मंग?"

मी अंक उघडला. माझ्या लेखावर तुझी पेन्सिल फिरली होती, कारखान्यात माल तपासत असशील तशी, ओळीन् ओळ. सगळा लेख तू तसाच सोडला होतास, तुला न पटणारी पानंच्या पानं. फक्त त्या एका वाक्यात "बॉम्बवर" हा शब्द खोडून वर बारीक अक्षरात लिहिलं होतंस, "बादलीवर". आणि "शांत झोप" याखाली एक रेघ, पुढे प्रश्नचिन्ह.

म्हणजे तू रागावला नव्हतास. म्हणजे दीड वर्ष तू दर रविवारी समोर बसून वाट बघत होतास, की मी स्वतः विचारीन. आणि मी तुझी वाट बघत होते. एकाच घरची दोन हट्टी माणसं, मधे पोह्यांचा डबा. भाऊ, मला तुझा इतका राग आला काल, इतका राग आला की मी त्या पेटीपाशी फतकल मारून मोठ्यानं रडले आणि मोठ्यानंच म्हणाले, "नाही रे भाऊ, मी पाहून आले नव्हते. चुकलं माझं. पाहून न येताच लिहिलं मी."

वहिनीनं रडू दिलं. मग माझे डोळे पुसायला पदर पुढे केला, आणि दुसऱ्या हातानं अंक माझ्या मांडीवरून उचलला.

"मला हवाय तो, वहिनी," मी म्हटलं. "घरी नेते."

"नाही वं बाई," ती म्हणाली, आणि तो विळ्याखाली ठेवून फडक्याची गाठ मारू लागली. "तुले वाचाचा असंल तर दुसरा आण कुठून. हा आता पूजेतला झाला."